झाकणावरची पांढरी पूड

१

मास्तर कोसळले ते ऐन लांब सुरात.

येत्या मैफलीतल्या शेवटच्या रचनेचा सराव चालला होता. तिच्या अखेरीला बँडमधली सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकटी क्लॅरिनेट एकच सूर धरून उभी राहते. तो सूर मास्तरांचा. दुसऱ्या कुणाची तो वाजवायची टाप नव्हती. नवे वादक गंमत म्हणून मास्तरांबरोबर श्वास रोखून बघत आणि निम्म्यावरच तोंड उघडून धापा टाकत. त्या संध्याकाळी सरावात मात्र सूर मध्येच चिरकला. मास्तरांचे ओठ निळसर पडले, क्लॅरिनेट हातातून निसटली. मागच्या ढोलवाल्याने ढोल टाकून त्यांना सावरलं, म्हणून निदान डोकं फुटलं नाही.

इस्पितळात जीव वाचला, पण डॉक्टरीणबाई जे बोलल्या त्याने बँडमध्ये आग लागली. "यांनी दम्याचं औषध बरेच दिवस घेतलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांची बायको हे ऐकून ताठ झाली. औषध सकाळ-संध्याकाळ घेतलं जात होतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

म्हणजे औषधच खोटं असणार. आणि औषध आणून देत होता मास्तरांचा पट्टशिष्य, दुसरी क्लॅरिनेट वाजवणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंपेटवाला वाद्यं आवरायला गेला, तेव्हा या शिष्याची पेटी घाईत उघडीच राहिलेली होती. आतल्या गडद निळ्या मखमलीवर पांढरी पूड पडली होती. मास्तर अंथरुणाला खिळले तर तो लांब सूर कुणाच्या वाट्याला जाणार, हे बँडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोन आणि दोन चार करायला मंडळींना वेळ लागला नाही.

चहाच्या वेळी तो शिष्य आपल्या मावशीच्या स्वयंपाकघरात बसून कपातल्या चहावर साय धरताना बघत होता.

मावशी पोलिसात फौजदार होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून ड्यूटीवर होता. गल्लीत तिला सगळे फौजदारबाई म्हणत आणि ते तिला मनापासून आवडे.

"सगळं सांग," ती म्हणाली. "रडायचं असेल तर आधी रडून घे. मध्ये मध्ये नको."

"उद्या संध्याकाळी बैठक आहे. मला काढून टाकणार, आणि पोलिसात तक्रार देणार."

"पूड कसली होती?"

"माहीत नाही."

"पेटी तुझी, पूड तुझ्या पेटीत, आणि तुला माहीत नाही?"

"खरंच नाही गं, मावशी. थोडी रोजच बसते, मी खोलीतली धूळ समजून झटकतो."

मावशीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. लहानपणी कप फोडला की हाच पोरगा आपण होऊन सांगत यायचा, आणि न फोडलेल्या कपाबद्दल मार खाताना अश्शीच मान खाली घालायचा.

"मास्तर काय म्हणाले?"

"सकाळी भेटायला गेलो होतो. त्यांना बोलायला मनाई आहे. पण मी दिसलो तसं त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं."

पोराला नोकरीची चिंता नव्हती, तक्रारीची होती पण तितकी नव्हती. घाव तिसऱ्याच जागी बसला होता, हे मावशीला कळलं आणि तिला त्या बँडचा एकजात राग आला. तिने उरलेला चहा एका घोटात संपवला.

"ऊठ," ती म्हणाली. "ती पेटी बघू आधी."

२

सरावाची खोली एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. अर्धगोलात खुर्च्या आणि त्यांच्यासमोर एक लांबलचक टेबल. ट्रंपेटवाला पेटीशेजारी पहारा देत बसला होता. माणूस दांडगा, गाल फुगीर, आणि बोलतानाही समोरच्याला दोन पावलं मागे सारील असा आवाज. त्याला सगळे तोफ म्हणत.

"या बाई, या. तुमचा भाचा आहे म्हणून सांगतो, वाईट वाटतं. पण मास्तर आमचा बाप आहे."

"वाईट नंतर वाटून घ्या. पेटी जशी सापडली तशीच आहे ना?"

"बोटसुद्धा लावलं नाही."

मावशीने चष्मा चढवला. पेटी उघडी होती, झाकण मागे सरळ उभं. तळाच्या मखमलीवर पूड अगदी थोडी, खाचाखाचांत बसलेली. खरी पूड होती ती झाकणाच्या आतल्या मखमलीवर. पातळ, सारखी, मैद्याच्या चाळणीखाली हात धरावा तशी. ती बराच वेळ झाकणाकडेच बघत राहिली.

"कसं केलं याने, तुमच्या मते?"

"सोपं आहे," तोफ म्हणाला. "दम्याची कॅप्सूल उघडायची, औषध इथे झटकून टाकायचं, आत मैदा भरायचा, पुन्हा बंद करायची. हा सगळ्यांच्या आधी येतो, खोली हाच उघडतो. आता म्हणेल पॅडची पावडर आहे."

"ती काय भानगड?"

"क्लॅरिनेटच्या भोकांवर पॅड असतात. ते चिकटायला लागले की काही जण थोडी पावडर लावतात. वाजवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं."

"अस्सं." मावशीने चष्मा कपाळावर ढकलला. "मग त्याने ते म्हटलं का नाही?"

"म्हणजे?"

"इतकी आयती सबब हाताशी आहे. चोर असता तर पहिल्या वाक्यात तीच तोंडावर फेकली असती. हा बापडा 'माहीत नाही, माहीत नाही' करत बसलाय. मी पुष्कळ चोर बघितलेत हो, इतका बिनतयारीचा एकही नाही."

तोफेने तोंड उघडलं आणि बार न काढताच मिटलं.

मावशी भाच्याकडे वळली. "सरावाआधी तू पेटी कुठे ठेवतोस?"

"इथेच, टेबलावर उघडून. मास्तरांच्या खुर्चीसमोर. तेवढ्यात मास्तर येतात. त्यांची संध्याकाळची कॅप्सूल घ्यायची वेळ असते, मग मला पाणी आणायला खाली पाठवतात."

"कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात?"

"नाही, ती गिळायची नसते. ती एका इन्हेलरमध्ये घालून घ्यायची. पाणी नंतर चूळ भरायला."

"तू त्यांना घेताना कधी पाहिलंस?"

"कुणीच पाहिलं नाही. श्वासाचं औषध घेताना कुणी बघावं, हे मास्तरांना सोसत नाही."

मावशी मास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसली. उभं झाकण थेट तिच्या तोंडासमोर आलं. ती स्वतःशीच हसली, पण का ते तिने कुणाला सांगितलं नाही.

३

मास्तरांच्या घरी रियाजाची खोली वेगळी होती. एक खुर्ची, तिच्यासमोर स्वरलिपीचे कागद ठेवायचा काळा लोखंडी स्टँड, मागे गडद हिरवी भिंत. मास्तरांच्या बायकोचे, काकूंचे, डोळे सुजलेले होते, पण घर लख्ख होतं. दुःखात हातांना काम देणाऱ्यांतल्या त्या होत्या.

"ताई, मी सरळच विचारते," मावशी म्हणाली. "औषध रोज घेत होते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"दार लावून घ्यायचे ना. पण सकाळची कॅप्सूल मी बाटलीतून काढून हातात द्यायची, संध्याकाळची डबीत घालून बरोबर. थोड्या वेळाने केर काढायला गेले की टोपलीत फोडलेलं टरफल असायचंच. रिकामं, दोन तुकडे. एक दिवस चुकला नाही. वाटल्यास शपथ घेते."

"शपथ नको. तुमच्या केराच्या टोपलीवर माझा पूर्ण विश्वास आहे. हे औषध कधीपासून?"

"आधी गोळ्या होत्या. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी सगळ्या अंगभर फिरते, हे औषध थेट छातीत जाईल, कमी मात्रेत काम होईल. तेव्हापासून हे. आणि तेव्हापासूनच त्यांची धाप वाढली बघा. तुमच्या भाच्याने औषध आणायला सुरुवात केली तीही तेव्हाच." एवढं बोलून काकू ओशाळल्या. "पोरगा माझ्या हातचं जेवलाय हो. माझा जीव मानत नाही. पण मग झालं काय?"

"मास्तर कधी औषधाबद्दल काही बोलले?"

"एकदा म्हणाले, कसलं औषध हे, ना चव ना वास."

मावशीने हे मनात टिपून ठेवलं. मग ती खोलीत फिरली. काळ्या स्टँडच्या पट्टीवर तिने बोट फिरवलं, आणि बोटाला पांढुरकं काहीतरी लागलं.

"ते रोज पुसते मी," काकू घाईघाईने म्हणाल्या. "दोन दिवस पुसलं नाही इतकंच. या स्टँडवरच बसतं मेलं. भिंतीचा रंग झडतो."

मावशी भिंतीपाशी गेली. तळहाताने तिने भिंत चांगली घासून पाहिली, मग हात उजेडात धरला.

भिंत तेलरंगाची होती आणि तळहात स्वच्छ होता.

४

औषधांच्या दुकानात मावशीला बघून दुकानदार उगाचच ताठ उभा राहिला. तिने काकूंकडून आणलेली कॅप्सूलची बाटली काउंटरवर ठेवली.

"माल खोटा आहे का, एवढं सांगा."

त्याने बाटलीवरचा क्रमांक ताडून पाहिला, मग पांढऱ्या कागदावर कॅप्सूल ओतून एकेक भिंगाखाली धरली. "माल आमचाच आहे. कंपनीत हिचे दोन भाग एकमेकांत पक्के बसवतात. जबरदस्तीने उघडली तर कड दुमडते, पुन्हा नीट बसत नाही. या सगळ्या कोऱ्या आहेत. कुणी हात लावलेला नाही."

म्हणजे औषध खरं होतं. रोज फोडलं जात होतं. आणि तरीही छातीत पोचत नव्हतं. मावशीला आता मजा वाटू लागली. नोकरीत असताना तिला अशी मजा वाटू लागली म्हणजे हाताखालचे लोक सुटकेचा श्वास टाकत.

"हे घेतात कसं, मला दाखवा. मास्तरांना दाखवलं होतंत?"

दुकानदाराचा चेहरा उतरला. "दाखवायला घेतलं होतं. एक प्रात्यक्षिकाचा इन्हेलर असतो आमच्याकडे, त्यासोबतच्या कॅप्सूलमध्ये नुसती दुधातली साखर असते. मी म्हटलं, कॅप्सूल इथे घालायची, हे फिरवलं की ती फुटते, मग हे तोंडात धरायचं. तेवढ्यात मास्तरांनी माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, वाद्य तोंडात कसं धरायचं ते तू मला शिकवणार? दुकानात चार माणसं होती. मी पुढे काही बोललो नाही. बोलायला हवं होतं."

"तेच मला शिकवा. मला राग येत नाही."

त्याने सांगितलं तसं मावशीने केलं. आधी श्वास बाहेर सोडायचा, तोही इन्हेलर तोंडापासून लांब धरून. मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल आत ओढायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा. मावशीने ओढला आणि तिला ठसका लागला. घशात काहीतरी बारीक गोड उतरलं.

"गोड आहे की."

"साखर गोडच. खऱ्या औषधातही तीच असते, औषधाला वाहून न्यायला. घशाला हलकीशी गोडी लागते. नवख्याला ठसकाही लागतो. मग चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंड येतं."

मावशीने चूळ भरली. पदराला तोंड पुसून ती म्हणाली, "अशी किती यंत्रं आहेत तुमच्याकडे? उद्या संध्याकाळी सगळी घेऊन गोदामात या. साखरेच्या कॅप्सूलही आणा. पण एक अट. तिथे शिकवायचं नाही. मी सांगेन तेवढंच बोलायचं."

घरी जाताना ती इस्पितळात डोकावली. मास्तर उशांना टेकून बसले होते, नाकातोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क. एवढा मोठा माणूस चादरीखाली अर्धा झाला होता.

"बोलू नका," मावशी म्हणाली. "मान हलवा. औषध रोज घेत होतात?"

मास्तरांनी ठामपणे होकार दिला. डोळ्यांत पाणी आलं, रागाचंही असेल.

"घशात कधी गोड लागलं?"

मास्तर गोंधळले. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ठसका?"

नाही.

"बरं. उद्या बैठक झाली की येते. आणि मास्तर, तोपर्यंत भिंतीकडे तोंड करून झोपू नका. मान अवघडते."

५

बैठकीला सगळा बँड हजर होता. तोफेने ठराव तयारच ठेवला होता. भाचा दाराशी उभा होता, आत बसा असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

मावशी मास्तरांच्या जागी उभी राहिली.

"ठराव वाचायच्या आधी सगळ्यांनी थोडं औषध घ्यायचं आहे," ती म्हणाली. "भिऊ नका, नुसती साखर आहे. आपापली वाद्याची पेटी समोर उघडी ठेवा."

कुरकुर झाली. पण मावशीसमोर कुरकुर करणं आणि न ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पेट्या उघडल्या, झाकणं उभी राहिली. ढोलवाल्याकडे पेटी नव्हती, त्याने ढोलाचं काळं आवरण पुढ्यात घेतलं. दुकानदाराने इन्हेलर वाटले, कॅप्सूल घालून, फिरवून हातात दिले.

"तोंडात धरा," मावशी म्हणाली. "आणि एका दमात औषध घ्या. आता."

ढोलवाला थबकला. बाकीच्यांनी ओठ मिटले, गाल ताणले, आणि ज्याच्या जोरावर आयुष्यभर पोट भरलं तेच केलं. सगळे फुंकले.

टेबलावर पांढरा धुरळा उठला. सावकाश खाली बसला. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, बासरी, सगळ्या पेट्यांच्या उभ्या झाकणांवर, काळ्या-निळ्या-लाल मखमलीवर पातळ, सारखी पूड बसली होती. तोफेची फुंकर इतकी दणदणीत की त्याच्याबरोबर शेजाऱ्याच्याही मिशा पांढऱ्या झाल्या. त्या शांततेत एकट्या ढोलवाल्याला जोरदार ठसका लागला. त्याचं आवरण काळंकुळकुळीत होतं.

"घशात गोड लागतंय," तो डोळे पुसत म्हणाला.

"लागणारच. तुम्ही आत ओढलंत. या खोलीत जन्मात काही न फुंकलेले तुम्ही एकटेच."

मावशी तोफेच्या पेटीपाशी गेली आणि झाकणावर टिचकी मारली.

"पूड खाली सांडते. उभ्या झाकणावर ती चढत नाही, तिला तिथे कुणीतरी फुंकावं लागतं. दुसऱ्या क्लॅरिनेटच्या झाकणावर आहे, मास्तरांच्या घरी त्यांच्या तोंडासमोरच्या स्टँडवर आहे. दोन्ही जागी समोर एकच माणूस. काकूंच्या टोपलीत रिकामं टरफल रोज सापडायचं, कारण कॅप्सूल रोज रिकामी व्हायची. पण ती व्हायची हवेत. मास्तरांना ठसका लागला नाही, गोड लागलं नाही, कारण आत काही गेलंच नाही. कॅप्सूल कुणी उघडलेल्या नाहीत, दुकानदार इथेच आहेत, त्यांना विचारा. तुम्हाला सापडलेली पूड मास्तरांचं खरंखुरं औषध आहे. ज्या दिवशी गोळ्या बंद झाल्या, त्या दिवसापासून त्यांना औषध बंद झालं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही."

बासरीवाली हातातल्या इन्हेलरकडे टक लावून बघत होती.

"ओठांना काही लागलं की फुंकायचं, हे तुमच्या अंगात भिनलंय," मावशी जरा मऊ आवाजात म्हणाली. "त्यात लाज कसली? दुसऱ्या कुठल्या माणसाकडून ही चूक इतके दिवस झाली नसती. पण ते जाऊ द्या. आता तोफखान्याच्या पेटीतही पूड सापडली आहे. तक्रार दोघांविरुद्ध द्यायची, की मास्तरांना विष घातलं म्हणून सगळ्या बँडला आत घ्यायचं?"

तोफ उठला. मिशांवरची पूड झटकायचं त्याला भानही नव्हतं. तो दाराशी गेला, भाच्यासमोर उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खोलीच्या आत मावला.

"चुकलो रे," तो म्हणाला. "मास्तर पडले, आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही."

भाच्याने मान हलवली. पण तो तोफेकडे बघत नव्हता. तो मावशीकडे बघत होता, आणि त्याला काय विचारायचंय ते तिला न विचारताच कळलं.

"येते की इस्पितळात तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "पण आत तू एकटा जा."

६

अर्थात मावशी आत गेलीच. दाराच्या काचेतून तिला नीट ऐकू येत नव्हतं.

मास्तरांचा मास्क काढला होता. डॉक्टरीणबाई सगळं ऐकून आधी हसल्या होत्या, मग गंभीर झाल्या होत्या. यापुढे इन्हेलर देताना आपण स्वतः समोर बसून घ्यायला लावू, असं त्यांनी सांगितलं. आता त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. काकू खिडकीपाशी. मास्तरांच्या हातात नवा इन्हेलर होता आणि ते त्याच्याकडे शत्रूसारखं बघत होते.

"मी फुंकत होतो," ते खरखरीत आवाजात म्हणाले. "इतके दिवस. मूर्खासारखा."

"सगळा बँड फुंकला, मास्तर," भाचा म्हणाला. "तोफेने तर शेजाऱ्याला न्हाऊ घातलं."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान वर करून शिष्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली नाही.

"तुझ्याकडे पाठ केली मी."

भाचा पुढे सरकला. तो खाटेच्या कडेला बसला. मास्तरांच्या हातातून इन्हेलर घेतला, कॅप्सूल घातली, फिरवली, आणि परत त्यांच्या हातात ठेवला. लहानपणी मास्तरांनी त्याच्या हातात पहिली क्लॅरिनेट ठेवली तेव्हा बोटं कुठे असावीत ते असंच एकेक बोट धरून लावून दिलं होतं. आता त्याने मास्तरांची बोटं धरली.

"आधी श्वास सोडा. यात नाही, बाजूला. सगळा."

मास्तरांनी सोडला.

"आता तोंडात धरा. सूर लावायचा नाहीये, मास्तर. सूर प्यायचाय. आत."

मास्तरांचे गाल सवयीने ताणले गेले. भाच्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत, मास्तर. आत."

गाल सैल पडले. मास्तरांनी डोळे मिटले आणि ओढलं, जोरात, खोल, त्या लांब सुराच्या आधी ओढत तसं. मग श्वास धरून ठेवला. ते मात्र त्यांना शिकवावं लागलं नाही. काकू कधीच्या पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, आणि मावशीने चष्मा पुसायला घेतला होता, जो काही खराब झालेला नव्हता.

मास्तरांना ठसका लागला. चांगला दणकून लागला. भाच्याने पाण्याचा पेला पुढे केला, पण मास्तरांनी तो लगेच घेतला नाही. त्यांनी शिष्याचं मनगट धरलं आणि ठसक्यातूनच, ओल्या डोळ्यांनी, म्हणाले,

"गोड आहे रे."